मनोऱ्याची मुळं

मनोऱ्याला तेल लागलं. दीड वीत उंचीच्या, पितळी तारेच्या, खेळातल्या आगगाडीशेजारी उभ्या केलेल्या मनोऱ्यातून खरोखरचं तेल उसळलं आणि सासऱ्यांच्या चष्म्यावर पडलं. आता हे झालंच नाही असं धरून चालू. सासऱ्यांचा चष्मा स्वच्छ आहे, ते त्यातून खिडकीबाहेर बघताहेत, मनोरा अजून कुणाच्या डोक्यातही नाही. आहे ती संध्याकाळची एक गच्च भरलेली बस आणि तिच्या मागच्या दारातून आत ढकलला गेलेला एक माणूस: धंदा कवळ्या करण्याचा, वय अडतीस, प्रकृती ठणठणीत, हातात ओझं म्हणावं तर जेवणाचा रिकामा डबा. तो धरायला दांडा शोधत होता. तेवढ्यात समोरच्या बाकावरचे सत्तरीचे गृहस्थ गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि म्हणाले, "बसा, जावईबापू."

सासरे भेटायचे ते घरी, ठरवून, इस्त्रीच्या कपड्यांत. ते असे बसमध्ये, भाजीच्या पिशवीसकट, पूर्वसूचना न देता भेटतील हे त्याच्या हिशेबात नव्हतं. "नाही नाही, तुम्ही बसा," तो म्हणाला. "छे छे, तुम्ही बसा." "मला पुढेच उतरायचंय." "म्हणून काय झालं, तोवर बसा." बस वळली, वळणाने निकाल लावला आणि तो बसला. आजूबाजूच्या चार-सहा जणांनी आधी उभ्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग बसलेल्या तरुणाकडे. एक बाई वाकून त्याचा एखादा पाय लाकडी आहे का ते बघत होत्या. "काय साहेब, दुखलंय का काही?" कंडक्टरने विचारलं. "नाही, जावई आहेत," सासऱ्यांनीच परस्पर उत्तर दिलं, आणि कंडक्टरला ते पुरेसं वाटलं. बाक सासऱ्यांच्या अंगाने ऊबदार झालेला होता. बारा वर्षांच्या नात्यात सासऱ्यांच्या इतक्या जवळ तो पहिल्यांदाच आला होता, आणि तेही सासरे तिथून उठल्यावर.

लाजेने कान तापले की माणूस खिडकीबाहेर बघतो. तसा तो बघत राहिला, पण काचेत सासरेच दिसत होते: वर दांड्याला लोंबकळलेला हात, मनगटावर सैल घड्याळ, मिटलेलं तोंड. सासरे त्याच्यासमोर तोंड उघडून कधी हसले नव्हते. हसायचे ते ओठ मिटून, बैठकीच्या शेवटी अध्यक्ष हसतात तसे. ज्याला माणसं दातांवरून ओळखायची सवय आहे त्याला बारा वर्षं एखाद्याचे दात दिसू नयेत म्हणजे काय, हे इतरांना कळायचं नाही. बायको म्हणायची, "अरे, बाबांना तू आवडतोस. इतकं मानतात तुला." मानतात हीच तर पंचाईत होती. त्याचे स्वतःचे वडील गाड्या दुरुस्त करायचे, आणि त्यांनी त्याला मानल्याचा एकही पुरावा उपलब्ध नव्हता. ते त्याला गाढव म्हणायचे. पाना चुकीचा दिला की गाढव, बरोबर दिला की शहाणं गाढव, परीक्षेत पहिला आला तेव्हा "आमचं गाढव पहिलं आलं" असं गॅरेजभर सांगत फिरले. वडील गेल्यावर सगळ्यांनी त्याचं सांत्वन केलं, नीट, सभ्यपणे, अहोजाहो करत, आणि त्या गर्दीत त्याला एकदम जाणवलं की आपली जागा रिकामी झाली आहे; जगात आता आपल्याला गाढव म्हणायला अधिकृत असं कुणी उरलेलं नाही. मग लग्न झालं, आणि तो गाढवाचा थेट जावईबापू झाला. मधल्या पायऱ्या कुणी दाखवल्याच नाहीत. तो सासऱ्यांना काय म्हणायचा? काहीच म्हणायचा नाही. ते आपल्याकडे बघेपर्यंत तो खाकरत उभा राहायचा.

सासऱ्यांची हयात पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातली आतली खोली ताब्यात घेतली आणि तिथे रेल्वे सुरू केली. सत्त्याऐंशी पट लहान, पण रेल्वे म्हणजे रेल्वे: स्टेशनं, पूल, बोगदा, वेळापत्रक, उशीर. कमरेएवढ्या उंचीवर खोलीभर फळी पसरलेली, आणि फळीच्या मधोमध माणसाला उभं राहता येईल असं एक चौकोनी भोक. त्याला विहीर म्हणत. गाड्या चालवायच्या त्या विहिरीत उभं राहून, आणि विहिरीत जायचं ते फळीखालून रांगत. फळीच्या वर सासऱ्यांचं राज्य होतं, फळीच्या खाली सासूबाईंचं: पेट्या, उशा, शिवणयंत्र, कधीतरी उपयोगी पडतील असे डबे. सरहद्दीवर शांतता होती. विहिरीत उतरायचा हक्क दोघांना, सासऱ्यांना आणि वरच्या मजल्यावरच्या सिग्नलकाकांना. काकांचा जन्म बँकेत गेलेला, रेल्वेशी संबंध तिकिटापुरता. पण सिग्नल ते सांभाळायचे, आणि सासऱ्यांना "अरे टकल्या, गाडी आण" असं बिनदिक्कत म्हणायचे. जावई आला की दाराशी खुर्ची मांडली जायची. तिच्यावर सासूबाई भरतकामाची उशी ठेवायच्या, ठेवण्याआधी तिला दोन धपाटे घालायच्या. त्या खुर्चीतून त्याला एक स्टेशन, बोगद्याचं तोंड आणि डोंगराची एक बाजू दिसायची. गाडी बोगद्यात जायची आणि मग बराच वेळ नुसता तिचा आवाज यायचा. अर्धा देश त्याने कधी पाहिलाच नव्हता. एकदा, नवा नवा असताना, त्याने धीर करून विचारलं होतं, "मी आत येऊ का?" त्यावर सासूबाई आतून इतक्या घाईने आल्या की हात पुसायच्या राहिल्या. "अहो, जावयाला रांगायला लावायचं का आता?" त्या म्हणाल्या. विषय संपला. माणसाच्या महत्त्वाकांक्षा किती प्रकारच्या असतात. कुणाला खुर्ची हवी असते. ह्याला खुर्ची होती, उशीसकट. ह्याला रांगायची परवानगी हवी होती.

"टँकरगाडी रिकामी धावते," सासरे बसमध्ये अचानक म्हणाले. ते त्याच्याशी बोलत होते की दांड्याशी, हे सांगणं कठीण होतं. "सात काळे टँकर आहेत. कुठून भरतात, कुठे ओततात, कुणाला पत्ता नाही. काल सिग्नलवाल्याने तोंडावर विचारलं. मला उत्तर देता आलं नाही." नोकरीत कधीकाळी एखादा भाग आठवडाभर कोरडा राहिला असेल तेव्हाही त्यांचा चेहरा असाच झाला असेल. आणि खाली बसलेल्या माणसाच्या तोंडून, त्याला न विचारता, वाक्य बाहेर पडलं: "मी तेलाचा मनोरा करून देतो."

"तुम्ही? अहो, तुम्ही कशाला तसदी घेता."

"तसदी कसली. तारेचं तर काम."

सासरे ओठ मिटून हसले. तोवर त्याच्या डोक्यात सगळं मांडून झालं होतं. तेलाचा मनोरा स्टेशनात ठेवत नाहीत. तो ठेवायचा तर डोंगराच्या पलीकडे, लांबच्या कोपऱ्यात, आणि तिथे हात पोचतो तो फक्त विहिरीतून. जो मनोरा करेल तोच तो बसवेल, ह्यात वाद नाही. म्हणजे रांगणं आलं. पुढचा थांबा आला, तो उतरला, आणि आपलं घर अजून दोन थांबे पुढे आहे हे त्याला बस गेल्यावर आठवलं.

पुढचे दिवस सुखाचे गेले. मनोऱ्याचे फोटो त्याने इतके पाहिले की डोळे मिटले तरी तिरप्या पट्ट्या दिसायच्या. चार पाय, खाली रुंद, वर निमुळते. त्यांना बांधणाऱ्या आडव्या पट्ट्या. प्रत्येक चौकटीत फुली. अगदी डोक्यावर कप्पी. कप्पीच्या जरा खाली एक अरुंद फळी, जिच्यावर एक मजूर दिवसभर उभा राहून लांबलचक नळ्या सावरतो. त्या मजुराचा त्याला फार हेवा वाटला. कुणी त्याला उशी देत नसेल. प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत तो दातांच्या साच्यांची रांग बाजूला सारायचा आणि पितळेची तार ताणून, कापून, बारक्या ज्योतीवर डाग द्यायचा. पितळ तापून पिवळ्याचं केशरी होतं, डागाचा मणी क्षणभर थरथरतो आणि मग सांध्यात असा शिरतो की जणू त्याला आधीपासून तिथेच जायचं होतं. प्रत्येक वेळी त्याला छातीत काहीतरी जागच्या जागी बसल्यासारखं वाटायचं. शिडीच्या पायऱ्या त्याने दात सरळ करायच्या तारेच्या केल्या. पायाचे दगड म्हणून रंग चुकलेल्या चार दाढा घेतल्या. मजूर कवळीच्या मसाल्याचे, त्यामुळे सगळे हिरडीसारखे गुलाबी, जन्मल्यासारखे टवटवीत. प्रयोगशाळेची मालकीण, जिला सगळे नुसतं बाई म्हणायचे, ती एकदा मागे येऊन उभी राहिली. "हा कुणाच्या तोंडात जाणार आहे?" तिने विचारलं. "सासऱ्यांच्या," तो तंद्रीत म्हणाला. बाईने ते मनावर घेतलं नाही, कारण त्याच सकाळी एका डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता: वकिलांच्या दाढेची टोपी म्हणून पाठवलेल्या डबीत एक अतिशय सुबक चाक निघालं होतं, आणि वकील ते बसवून घ्यायला तयार होते, फक्त ते कशासाठी आहे एवढं त्यांना जाणून घ्यायचं होतं. ती कप्पी होती. वकिलांनी ती नाखुशीने परत केली.

घरी जेवणाच्या टेबलावर मनोरा वाढत गेला तशी बायकोही त्यात पडली. ती शाळेत भूगोल शिकवायची, आणि भूगोलाच्या शिक्षकाला खोटा डोंगरसुद्धा स्वस्थ बसू देत नाही. "बाबांचा डोंगर अग्निजन्य आहे," ती म्हणाली. "त्याच्या शेजारी तेल सापडणार नाही."

"डोंगर प्लास्टरचा आहे."

"मग तर मुळीच नाही."

"मग कुठे सापडेल?"

तिने डोळे बारीक करून आईवडिलांच्या खोलीचा नकाशा मनात उलगडला. "पलीकडच्या कोपऱ्यात चालेल. तिथे पूर्वी समुद्र असणार. लहानपणी मी तिथे बादली सांडली होती." मग ती त्याच्याकडे बघत राहिली. "तू हे आत शिरायला करतोयस ना?" तो डाग फुंकत बसला. "बाबांना सरळ सांग ना."

"काय सांगू? मला रांगू द्या?"

"हे वाक्य ऐकायला मी पैसे देईन," ती म्हणाली, आणि मनोऱ्याच्या फळीवर गुलाबी मजूर चिकटवायला बसली. तो तिने बाबांच्या खोलीच्या दाराकडे तोंड येईल असा बसवला. मजूर पाहुण्यांकडे बघतो, हे त्याला जरा लागलं.

आता चूक. चूक अशी होती की ती करायला कवळीवालाच हवा. त्याच्या हाताला वर्षानुवर्षांची एक शिकवण होती: कुठलीही वस्तू नुसती वर ठेवून चालत नाही, ती आत बसावी लागते. जी नुसती टेकते ती हलते, जी हलते ती टोचते, जी टोचते ती परत येते. म्हणून त्याने मनोऱ्याच्या चारही पायांना खाली लांब खिळ्यांसारखी मुळं केली. मधली नळी पोकळ ठेवली, कारण दाताच्या मधे नस असते, आणि नस मुळांपेक्षा खोल जाते. ती नळी कप्पीपासून निघून मनोऱ्याच्या पोटातून सरळ खाली, दोन्ही तोंडं उघडी. मुळं किती खोल हवीत? जितकी फळी जाड तितकी. फळी किती जाड, हे त्याला पाठ होतं. बारा वर्षं उशीवर बसून फळीची कड तो बघतच आला होता. चांगली तीन बोटं. पण ती नुसती कडच होती. पाहुण्यांच्या बाजूला शोभेसाठी सासऱ्यांनी रुंद पट्टी ठोकली होती. आत फळी होती पापुद्र्याएवढी. हे कळायला खालून बघावं लागलं असतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तो मनोरा खोक्यात घालून सासुरवाडीला गेला. बायको बरोबर होती, तिने खोकं मांडीवर घ्यायची तयारी दाखवली, त्याने दिलं नाही. सासऱ्यांनी खोकं उघडलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, नखाने एक पट्टी वाजवली. ती बारीक वाजली. विहिरीतून सिग्नलकाकांनी मान लांब केली. "टकल्या, हे चांगलंय रे," ते म्हणाले. "तुझ्या त्या स्टेशनपेक्षा तर फारच." सासऱ्यांचे ओठ हलले, जवळजवळ उघडले, आणि त्यांना पाहुणा समोर असल्याचं आठवलं. "अप्रतिम," ते म्हणाले. "रेल्वे प्रशासन आपलं आभारी आहे. आता आपण स्वस्थ बसा, सिग्नलवाला लावेल जागेवर." असं म्हणून ते स्वतः फळीखाली वाकले, रांगत विहिरीत शिरले आणि आतून दोन्ही हात पुढे केले. मनोरा त्याच्या हातातून गेला. दारात खुर्ची आली होती. सासूबाई उशीला धपाटे घालत होत्या.

एवढे दिवस तो मनोरा करत नव्हता, एक वाट करत होता, आणि त्या वाटेवरून फक्त मनोरा आत गेला. तो बसला. उशी मऊ होती. बोगद्याचं तोंड, स्टेशन, डोंगराची रंगवलेली बाजू; सगळं आपापल्या जागी. डोंगरामागून दोन म्हाताऱ्यांचे आवाज येत होते.

"अरे, हा उभा राहत नाही."

"नीट धर."

"नीटच धरलाय. ह्याला खाली काहीतरी आहे. पाय आहेत की मुळं?"

"मुळं आहेत," तो खुर्चीतून म्हणाला.

"मनोऱ्याला?"

"भोकं पाडावी लागतील. ड्रिल आणलंय मी. देतो, पण ते सवय नसली तर बोटात जातं." हे शेवटचं तो उगाच म्हणाला नव्हता, पण अगदी निष्पापपणेही म्हणाला नव्हता. विहिरीत कुजबुज झाली. रांगणं येणार असं त्याला वाटलं, त्याने पँटचे गुडघे थोडे वर ओढलेसुद्धा. "एक करा," सासरे म्हणाले. "आपण खुर्चीवर उभे राहून डोंगरावरून हात टाका. तेवढं जमेल. आत यायचा त्रास नको." तेव्हा उशी बाजूला ठेवून तो खुर्चीवर चढला आणि डोंगरावर छाती अलगद टेकून, न दिसणाऱ्या मुलखात ड्रिल घेऊन वाकला. सिग्नलकाका दिशा सांगत होते. "डावीकडे. अजून. तुम्ही डावखुरे आहात का? हां. पाडा." चार भोकं पडली. नळीसाठीच्या पाचव्याला ड्रिल फळीतून सुटलं आणि खाली कशात तरी शिरलं, आधी कडक, मग मऊ. त्याच्या हाताला ते हिरडीसारखं वाटलं, आणि हिरडी लागणं त्याच्या धंद्यात शुभ समजतात. त्याने मनोरा चाचपून बसवला, वरून अंगठ्याने दाबला. टक्. अशी टक् वर्षातून एखादीच ऐकू येते. मग तो खाली उतरला, उशी जागेवर ठेवली आणि तिच्यावर बसला. आतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. टँकरगाडी सुटली, डोंगरामागे गेली, आणि तिथे, त्याला न दिसणाऱ्या ठिकाणी, त्याच्या मनोऱ्याखाली जाऊन थांबली.

"भरतेय," सिग्नलकाकांनी जाहीर केलं.

"भरू दे," सासरे म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असं सुख होतं की त्याला आनंद झाला आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकाच बाकावर, एकमेकांना जागा देत. झालं, त्याने स्वतःला सांगितलं. माणसाने समाधानी असावं. मनोरा आत आहे.

फळीखाली मात्र सासूबाई आल्या होत्या. सकाळपासून शिवणयंत्र करकरत होतं आणि त्यांना तेलाची बाटली हवी होती. ती यंत्राच्या झाकणावर उभी ठेवलेली असायची, वरून फळीला टेकलेली. चांगली मोठी, मऊ प्लॅस्टिकची, आठवड्यापूर्वीच आणलेली. त्यांनी ओढली. निघाली नाही. "अगंबाई, ही काय चिकटली," त्या खालून म्हणाल्या, पण आगगाडीच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. मग त्यांनी तिला दोन्ही हातांनी धरलं, एखाद्याचा गळा धरावा तसं, आणि पिळून ओढलं.

तेल आधी कप्पीवर थेंब होऊन आलं. पुढचा मजकूर मागे एकदा सांगून झालेला आहे आणि तो झालेला नाही असंही ठरलेलं आहे. पण आता इलाज नाही. मनोऱ्याच्या डोक्यातून तेलाची बारीक, चकाकणारी, अत्यंत डौलदार धार निघाली. ती डोंगराच्या वर आली तेव्हा खुर्चीतून दिसली. ती वाकली आणि सासऱ्यांच्या चष्म्यावर उतरली. "तेल," सिग्नलकाका हळूच म्हणाले, बँकेत कुणी खोटी नोट ओळखावी तसे. बायको दारात येऊन उभी राहिली होती. "अग्निजन्य खडकात," ती स्वतःशी म्हणाली. खाली सासूबाईंनी श्वास घेऊन पुन्हा पिळलं. दुसरी धार पहिलीपेक्षा उंच होती. सिग्नलकाकांनी टँकर उचलून उराशी धरले, सातही टँकरांसाठी त्यांना दोन्ही हात लागले. सासऱ्यांना काही दिसत नव्हतं. ते हवेत धार शोधत होते आणि हाताला गुलाबी मजूर लागत होते. आणि मग त्यांनी जन्मभर पाणीपुरवठ्यात फुटलेल्या नळांवर जो आवाज लावला असेल तो लावला.

"अरे, बघतोस काय शुंभासारखा? ये आत. बोट लाव त्याला."

खोलीत शुंभासारखं बघणारा माणूस एकच होता. तरी त्याने खात्रीसाठी मागे वळून पाहिलं. मग तो गुडघ्यांवर आला. फळीखाली अंधार होता, फडक्यांचा आणि जुन्या लाकडाचा वास होता, डोक्यावरून सगळा देश जात होता. वाटेत सासूबाई भेटल्या, दोन्ही हातांत बाटली धरून बसलेल्या. "जावईबापू, तुम्ही इथे? अहो, कपडे खराब होतील."

"आई, बाटली सोडा," तो म्हणाला, आणि पुढे गेला. आपण त्यांना आई म्हणालो हे त्याला विहिरीत वर आल्यावर कळलं. वर दोन म्हातारे होते आणि दीड माणसाची जागा. त्याने हात लांब केला आणि कप्पीवर बोट ठेवलं. बोटाखाली तेल धडधडलं आणि थांबलं. समोर डोंगर होता, पलीकडून. पलीकडून तो डोंगर नव्हताच. जाळी होती, चुरगळलेला कागद होता, प्लास्टरचे पोपडे होते. दरीत सासऱ्यांचा पेन्सिलचा तुकडा, अर्धं बिस्कीट आणि काकांची काड्यापेटी पडलेली होती. रंगाचा एक हातसुद्धा नव्हता. बारा वर्षं तो ज्या मुलखासाठी झुरला तो इतका ओबडधोबड, इतका घरातला होता, की त्याला हसू फुटलं.

"हसतोस काय? काढू नकोस बोट. काढलंस तर याद राख," सासरे म्हणाले, आणि स्वतःच हसायला लागले, चष्म्यावरून तेल ओघळत असताना, तोंड सताड उघडं टाकून. वरच्या बाजूला, डावीकडे, दुसरी दाढ नव्हती. शेजारचा दात तिच्या जागेत झुकला होता. बाकी सगळे स्वतःचे, घट्ट, पिवळट, उत्तम. इतके दिवस हा माणूस एका दाढेपायी ओठ मिटून बसला होता, आणि जावई हातात दाढ घडवायचं मेण घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. "मुळं केली म्हणे मनोऱ्याला," सासरे काकांना सांगत होते. "ह्याला म्हणतात डोकं. अक्कल नाही, पण डोकं आहे."

तेवढ्यात सासूबाई बाहेर निघून दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात बाटली होती, झाकणाला भोक पडलेली. त्यांनी विहिरीतले तिघे पाहिले. "अहो, जावयाला अरेतुरे काय करता? आणि कुठे उभं केलंय त्यांना? या, जावईबापू, बाहेर या. नवा टॉवेल काढलाय." एका वाक्यात सरकार पडलं. सासऱ्यांनी ओठ मिटले. ते एका बाजूला सरकून त्याला जाण्यासाठी वाट करू लागले, मान किंचित झुकवून. "हो, हो, आपण बाहेर जा. फार त्रास झाला आपल्याला," ते म्हणाले.

"बोट काढलं तर तेल येईल," तो म्हणाला.

"बाटली माझ्या हातात आहे," सासूबाई म्हणाल्या.

हे खरं होतं. मनोऱ्याखाली आता काही नव्हतं. नळी कोरडी, मुळं हवेत. सगळ्यांना ते दिसत होतं. त्याने बोट काढलं नाही. तो तसाच उभा राहिला, शर्टाच्या बाहीवरून तेल कोपरापर्यंत आलेलं, दोन्ही बाजूंना दोन म्हाताऱ्यांचे खांदे. बायको दाराला टेकून तोंडावर हात धरून होती. सासरे सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत होते, पुसता पुसता, सासूबाईंकडे न बघता, त्यांनी त्याला कोपराने हळूच ढोसलं आणि कचेरीतल्या आवाजात सांगितलं, "संबंधितांचं काही म्हणणं असल्यास त्यांनी योग्य मार्गाने मांडावं." योग्य मार्ग समोर उभा होता आणि एका हातात बाटली धरून दुसऱ्या हाताने उशीला धपाटे घालत होता. त्याने घसा साफ केला. सिग्नलकाकांनी, टँकर सावरत, सिग्नल हिरवा केला.

"अर्जदार गेली बारा वर्षे या घरात पाहुणा म्हणून बसवला जात असून," तो सासूबाईंना म्हणाला, "मनोरा सुस्थितीत राखण्यासाठी त्याची विहिरीत कायम नेमणूक होणे गरजेचे आहे. सबब, सदर इसमास यापुढे जावई समजण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."